माणसे सोडवण्यासाठी वसवलेले गाव

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. ते त्यांनी अर्पण केले अमेरिकेतल्या अशा लोकांना, की ज्यांनी तिथल्या काळ्या माणसांना गुलामीतून सोडवण्यासाठी झीज सोसली. ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणांतून अनेकदा ऐकतो, टाळ्याही वाजवतो. पण ते गुलाम कोण होते? त्यांची नावे काय होती? ते कुठे राबत होते, बायकापोरांना कसे सांभाळत होते? हे आपल्याला सहसा कोणी सांगत नाही. अब्राहम लिंकन यांचे नाव आपल्या पोरांना पाठ असते. गुलामीतून वर आलेल्या एकाही माणसाचे नाव त्यांना सांगता येत नाही.

म्हणून या स्मरणिकेसाठी आम्ही एका कुटुंबाची हकीकत निवडली आहे. लिंकन राष्ट्राध्यक्ष झाले १८६१ साली. त्याच्या पंचवीस वर्षे आधी या कुटुंबाने ओसाड माळावर स्वतःच्या नावाने जमीन घेतली, मोजणी करून गावठाण पाडले, प्लॉट विकले, आणि आलेल्या पैशातून आपली मुलेबाळे एकेक करून मालकांच्या ताब्यातून सोडवून आणली. त्या गावाचे नाव न्यू फिलाडेल्फिया. वसवणाऱ्याचे नाव फ्रँक. आणि त्याच्या बायकोचे नाव लुसी, जिचे नाव घेतल्याशिवाय ही हकीकत सुरूच होत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांची मुळे खेड्यात आहेत. सातबाऱ्यावर आपले नाव लागणे म्हणजे काय आणि न लागणे म्हणजे काय, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आम्ही सांगायला नको. त्यांनी तर ही हकीकत जरूर वाचावी, नाहीतर नातवंडांकडून वाचून घ्यावी.

आई गुलाम, तर मूल गुलाम

फ्रँकचा जन्म १७७७ साली अमेरिकेच्या दक्षिणेकडील साउथ कॅरोलायना राज्यात झाला. त्याची आई ज्यूडा. ती पश्चिम आफ्रिकेत जन्मलेली, तिथून पकडून आणलेली गुलाम बाई. तिचा मालक होता जॉर्ज मॅकहॉर्टर नावाचा गोरा शेतकरी. हाच मालक फ्रँकचा बाप होता, असे अभ्यासक मानतात. बाप मोकळा, जमीनदार, गोरा. आणि मुलगा मात्र त्याच बापाच्या मालकीचा गुलाम!

असे कसे, असा प्रश्न कोणालाही पडेल. तर तिथला कायदाच तसा होता. मुलाचा दर्जा आईवरून ठरायचा. आई गुलाम असेल तर तिच्या पोटी येणारे प्रत्येक मूल जन्मल्याबरोबर तिच्या मालकाची मालमत्ता व्हायचे. गाईला वासरू झाले की ते गोठ्याच्या मालकाचे, तसा हा हिशेब. गुलामांच्या लग्नालाही कायद्यात काही किंमत नव्हती. मालकाच्या मनात आले तर नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे आणि पोरे तिसरीकडे विकली जात.

१७९५ साली मालकाने बिऱ्हाड हलवले आणि फ्रँकला घेऊन तो केंटकी राज्यातल्या पुलास्की जिल्ह्यात आला. रान तोडून शेत तयार करायचे काम होते, ते अठरा वर्षांच्या फ्रँकच्या अंगावर पडले. शेजारच्या एका मालकाकडे लुसी नावाची गुलाम मुलगी होती. १७९९ साली दोघांनी संसार मांडला. संसार म्हणायचा एवढेच. नवरा एका मालकाचा, बायको दुसऱ्याची, आणि होणारी पोरे बायकोच्या मालकाची.

सोऱ्याची माती

पुढे १८१० च्या सुमारास फ्रँकचा मालक दुसरीकडे राहायला गेला आणि केंटकीतले शेत फ्रँकवर सोपवून गेला. शेताचे काम सांभाळून उरलेल्या वेळात बाहेर मजुरी करायची मुभा त्याने फ्रँकला दिली. मात्र त्या मुभेपोटी ठरलेली रक्कम मालकाला पोचती करावी लागे. म्हणजे स्वतःचा वेळ, तोसुद्धा भाड्याने घ्यायचा! पण फ्रँकने त्या फटीतून वाट काढली.

केंटकीच्या डोंगरात गुहा पुष्कळ आहेत. त्या गुहांतल्या मातीत सोरा असतो, आणि सोऱ्यापासून बंदुकीची दारू बनते. ही माती खणून लाकडी पिंपात भरायची, तिच्यातून पाणी झिरपवायचे, ते पाणी लाकडाच्या राखेच्या पाण्यात मिसळून मोठ्या लोखंडी काहिलीत आटवायचे, मग तळाशी सोऱ्याचे खडे धरतात. अंगमेहनतीचे आणि डोळ्यांची आग करणारे काम. १८१२ साली अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा सोऱ्याला चांगला भाव आला. फ्रँक दिवसा मालकाचे शेत बघे आणि उरल्या वेळात सोरा काढी. असा पैसा पैसा करून त्याने गाठीला रक्कम जमवली. हा माणूस निरक्षर होता, हे इथे लक्षात ठेवावे. लिहिता-वाचता येत नव्हते, पण हिशेब पक्का होता.

आधी लुसी, मग स्वतः

आता आम्ही वाचकांना एक प्रश्न विचारतो. तुमच्या हातात एका माणसाच्या सुटकेएवढी रक्कम आहे. तुम्ही आधी कोणाला सोडवाल? पुष्कळ जण म्हणतील, कर्त्या पुरुषाने आधी स्वतः सुटावे, मोकळेपणी चार पैसे कमवावेत, मग बायकोला सोडवावे.

फ्रँकने तसे केले नाही. १८१७ साली त्याने ८०० डॉलर मोजून आधी लुसीला सोडवले. लुसी तेव्हा गरोदर होती. ती मोकळी झाली, म्हणून त्याच वर्षी जन्मलेला मुलगा स्क्वायर हा मोकळा जन्मला. त्या घरातले जन्मतःच मोकळे असलेले ते पहिले मूल. त्याच्यामागून कमोडोर आणि लुसी अ‍ॅन ही भावंडेही मोकळीच जन्मली. ज्या कायद्याने फ्रँकला त्याच्या आईमुळे गुलाम केले, तोच कायदा त्याने उलटा धरला. आई मोकळी, तर मूल मोकळे! शाळेची पायरी न चढलेल्या माणसाची ही समज पाहिली की आम्हाला आजही नवल वाटते.

स्वतःची सुटका त्याने त्यानंतर दोन वर्षांनी, १८१९ साली केली. त्याचेही ८०० डॉलर पडले. तोवर जुना मालक वारला होता, त्यामुळे व्यवहार वारसांशी करावा लागला. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी हा माणूस मोकळा झाला. सरकारी कागदावर त्याचे नाव लागले ‘फ्री फ्रँक’, म्हणजे मोकळा फ्रँक. आडनाव नाही, बापाचे नाव नाही. मोकळा आहे हीच ओळख.

पण घर अजून अर्धेच मोकळे होते. लुसीच्या सुटकेआधी झालेली ज्यूडा, सॅली, फ्रँक आणि सॉलोमन ही मुले गुलामच होती. यातला धाकटा फ्रँक १८२६ साली पळाला आणि कॅनडात पोचला. कॅनडात त्याला हात लावायला कोणी येत नव्हते, पण केंटकीत आईबापाकडे परत यायचीही सोय नव्हती. आला तर पकडला जाणार. तेव्हा १८२९ साली बापाने काय करावे? ज्या सोऱ्याच्या धंद्यावर सगळे घर उभे होते, तो धंदाच मुलाच्या मालकाला देऊन टाकला आणि बदल्यात पळून गेलेल्या मुलाची सुटका लिहून घेतली. मुलगा सुखरूप होता, तरी धंदा दिला. का, तर त्याला उजळ माथ्याने घरी येता यावे.

तिघांना मागे ठेवून

यानंतर फ्रँकने केंटकी सोडायचे ठरवले. गुलामीच्या राज्यात मोकळ्या काळ्या माणसाचे जिणे रोजच टांगणीला असते. उत्तरेकडे इलिनॉय राज्यात नवी जमीन निघत होती. मिसिसिपी आणि इलिनॉय या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, पाईक जिल्ह्यात, त्याने १६० एकर जमीन न पाहताच विकत घेतली.

इलिनॉय गुलामीचे राज्य नव्हते, पण तिथे सगळे आलबेल होते असे कोणी समजू नये. तिथे काळ्यांसाठी वेगळेच कायदे होते. काळ्या माणसाला मतदान नाही. गोऱ्याविरुद्ध कोर्टात साक्ष देता येत नाही. राज्यात राहायला यायचे तर मोकळे असल्याचा कोर्टाच्या शिक्क्याचा दाखला पाहिजे आणि वर १,००० डॉलरचा जामीन. म्हणून निघण्याआधी फ्रँकने सगळे कागद गोळा केले. केंटकीतल्या गोऱ्या शेजाऱ्यांकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखलासुद्धा सह्या घेऊन बरोबर ठेवला. त्रेपन्न वर्षांच्या, राबून राबून म्हातारा होत आलेल्या माणसाला वर्तणुकीचा दाखला!

१८३० च्या शरद ऋतूत बैलगाडी जुंपली गेली. बरोबर लुसी, कॅनडातून परतलेला फ्रँक आणि तीन मोकळी जन्मलेली मुले. मागे राहिली ज्यूडा, सॅली आणि सॉलोमन, आणि त्यांच्याबरोबर नातवंडेही. वाचकहो, ही निघायची वेळ डोळ्यांपुढे आणून बघा. पोटच्या तीन लेकरांना मालकांच्या दारात ठेवून आईबाप गाडी हाकत आहेत. परत भेट होईल की नाही, मधल्या काळात मालक त्यांना दूर दक्षिणेत विकून टाकेल की काय, कशाचीच खात्री नाही. लुसीच्या मनात त्या दिवशी काय चालले असेल, ते कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही. घरातल्या आयाबायांना ते न लिहिताही कळेल.

तो हिवाळाही असा आला, की इलिनॉयच्या इतिहासात तो ‘खोल बर्फाचा हिवाळा’ म्हणूनच ओळखला जातो. वाटेतच मुक्काम करून हे कुटुंब १८३१ च्या वसंतात हॅडली भागातल्या आपल्या जमिनीवर पोचले. तिथे वस्ती करणारे हे पहिलेच कुटुंब. ना शेजार, ना रस्ता, ना बाजार. सगळीकडे उंच गवताचा माळ आणि ओढ्याकाठी झाडी. ओंडक्यांचे घर बांधले, गवताची मुळे फोडून नांगरट केली, मका आणि गहू पेरला, गुरे, डुकरे, घोडे पाळले. म्हातारा, म्हातारी, पोरे, सगळे औतामागे. पुढे हळूहळू गोरे शेतकरीही त्या भागात आले, तेव्हा आधीपासून कसत असलेले शेत त्यांना दिसले ते या काळ्या कुटुंबाचे.

चार वर्षांत त्या मातीने पहिला मुलगा सोडवला. १८३५ साली ५५० डॉलर देऊन सॉलोमनला केंटकीतून आणले.

शंभर डॉलरची जमीन, एकशे चव्वेचाळीस प्लॉट

नुसत्या शेतीवर एकेका माणसाची रक्कम जमायला चार-पाच वर्षे लागणार, आणि तिकडे लेकींना मुले होत आहेत, प्रत्येक मूल गुलाम म्हणून जन्मत आहे. फ्रँकचे वय साठीला आलेले. हा हिशेब जुळणारा नव्हता. तेव्हा त्याने एक वेगळीच गोष्ट केली. शेतकऱ्याने गाव वसवायला घेतले.

१८३६ साली त्याने सरकारकडून ८० एकर जमीन घेतली. तिचे पडले १०० डॉलर. त्या जमिनीवर मोजणी करून गावाचा नकाशा आखला, रस्ते पाडले, १४४ प्लॉट पाडले आणि तो नकाशा सरकारदरबारी रीतसर नोंदवला. अमेरिकेत गावाची आखणी करून त्याची कायदेशीर नोंद करणारा हा पहिला कृष्णवर्णीय माणूस, असे आज इतिहासकार मानतात. गावाचे नाव न्यू फिलाडेल्फिया. फिलाडेल्फिया या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच बंधुप्रेम.

प्लॉट काळ्यांनीही घेतले आणि गोऱ्यांनीही. अमुक आळी यांची, तमुक आळी त्यांची असा प्रकार नव्हता. वस्ती वाढली तसे लोहार आले, चांभारकाम करणारे आले, सुतार आले, दुकानदार आले, पोस्ट ऑफिस झाले. आजूबाजूचे शेतकरी घोड्याला नाल ठोकायला आणि बाजारहाट करायला तिथे येत. प्लॉटचे पैसे येत ते फ्रँकच्या हाती, आणि फ्रँकच्या हातून जात केंटकीला.

इथे एक छोटा हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे या माणसाच्या कामाचे वजन कळेल. सरकारी जमिनीचा भाव त्या काळी एकरी सव्वा डॉलर होता. लुसीच्या सुटकेला लागले ८०० डॉलर. म्हणजे ६४० एकर जमिनीचे पैसे. सॉलोमनचे ५५० डॉलर, म्हणजे ४४० एकर. आयुष्यभरात त्याने आणि त्याच्या घराने स्वतःसकट सोळा माणसे सोडवली असे मोजले जाते, आणि त्यासाठी चौदा-पंधरा हजार डॉलर खर्ची पडले. त्या पैशात अकरा हजार एकरांहून जास्त जमीन आली असती! तो जिल्ह्यातला मोठा जमीनदार होऊन बसला असता, सातपिढ्यांची सोय झाली असती. पण सातपिढ्यांची सोय म्हणजे काय, याचा त्याचा अर्थ वेगळा होता. जमीन घ्यायची, पिकवायची, विकायची आणि त्यातून माणूस आणायचा. पुन्हा जमीन, पुन्हा माणूस.

काही वाचक म्हणतील, ज्यांनी माणसे लुटून आणली त्यांनाच वर पैसे कशाला मोजायचे? प्रश्न चुकीचा नाही. गुलामी हा उघड दरोडा होता आणि दरोडेखोराला पैसे देणे कोणाच्या जिवावर येणार नाही? त्या काळातही या गोष्टीवर वाद होते. आमचे म्हणणे एवढेच, की लेक पलीकडे बाजारात उभी असताना बापाने वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायचे नसते. शिवाय या घराने फक्त पैशाचाच मार्ग धरला होता असेही नाही. पळून आलेल्या गुलामांना आसरा द्यायचा आणि कॅनडाच्या वाटेला लावायचे, हे कामही मॅकवर्टर मंडळी करत, असे त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. गावापासून वीस-पंचवीस मैलांवर मिसिसिपी नदी आणि नदीपलीकडे मिसूरी हे गुलामीचे राज्य. म्हणजे हे काम किती जोखमीचे असेल बघा. १८३७ साली त्याच इलिनॉयमध्ये, आल्टन गावी, गुलामीविरुद्ध लिहिणारा गोरा संपादक एलायजा लव्हजॉय याला जमावाने ठार मारले होते.

नाव, लग्न आणि मृत्युपत्र

गाव तर वसले, पण मालकी टिकवायची तर कागद पक्का पाहिजे. ‘मोकळा फ्रँक’ या नावावर उद्या कोणी उठून दावा केला तर? म्हणून १८३७ साली त्याने इलिनॉयच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. विधिमंडळाने खास कायदा करून त्याला फ्रँक मॅकवर्टर हे पूर्ण नाव दिले आणि त्या नावाने जमीन घेण्या-विकण्याचा, कोर्टात दावा करण्याचा अधिकार दिला. साठ वर्षांच्या माणसाचे असे बारसे झाले! आडनाव त्याने जुन्या मालकाचेच घेतले, पण स्पेलिंगमधले एक अक्षर गाळून.

१८३९ साली फ्रँक आणि लुसी यांनी कायद्याने लग्न केले. संसाराला चाळीस वर्षे झाली होती, नातवंडे झाली होती, आणि आता नवरा-नवरी! आपल्याला हसू येईल, पण यात हसण्यासारखे काही नाही. ज्यांचे लग्न कोणी मानले नाही, ज्यांच्या मुलांवर दुसऱ्याने हक्क सांगितला, त्यांना त्या कागदाची किंमत ठाऊक होती. पुढे मिळकतीवरून कोणी लुसीला बाहेर काढू नये, हाही विचार त्यात असणारच.

सोडवणूक चालूच होती. १८४३ साली सॅली सुटून आली. नंतर ज्यूडाही आली. पण लेकींची मुले, त्यांची मुले, अशी पुढची पिढी अजून केंटकीत अडकलेली होती. दिवसही वाईट येत होते. १८५० साली पळालेल्या गुलामांना पकडून देण्याचा कडक कायदा देशभर लागू झाला. १८५३ साली इलिनॉयने बाहेरच्या काळ्या माणसाला राज्यात येऊन राहायलाच बंदी केली.

७ सप्टेंबर १८५४ रोजी फ्रँक मॅकवर्टर यांचे निधन झाले. वय सत्त्याहत्तर. साधारणपणे मृत्युपत्र म्हणजे कोणाला किती जमीन, कोणाला किती भांडीकुंडी याची यादी. फ्रँक यांनी आपल्या मृत्युपत्रात लिहून ठेवले, की मिळकतीतून गुलामीत राहिलेल्या नातवंडांची सोडवणूक करावी. वाटणी मागून, सुटका आधी. मुलांनी तो शब्द पाळला. बापाच्या मागे आणखी तीन वर्षे सॉलोमन आणि कमोडोर हेच काम करत राहिले. वारसा म्हणून हक्काचे शेत मिळायचे, त्याऐवजी पुतणे-भाचे मिळाले, आणि त्यांनी ते आनंदाने घेतले. आमच्या मते या घराण्याची खरी परीक्षा इथे झाली. कर्ता पुरुष असेपर्यंत सगळेच ऐकतात. तो गेल्यावर भावाभावांत बांधावरून काय होते, ते आपण गावोगाव पाहतो.

लुसी १८७० पर्यंत जगली. नव्वदी कधीच ओलांडली होती. १८६५ साली गुलामी देशभरातून कायद्याने संपली, तो दिवस तिने पाहिला. ज्या केंटकीत तिची किंमत आठशे डॉलर ठरली होती, तिथे आता कोणाचीच किंमत ठरवता येत नव्हती.

रेल्वे वळसा घालून गेली

आता गावाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १८६५ साली न्यू फिलाडेल्फियाची लोकसंख्या १६० पर्यंत पोचली. त्यात काळे लोक सुमारे एक तृतीयांश होते, बाकी गोरे. पुढे १८७० च्या दशकात गावची काळी आणि गोरी मुले एकाच शाळेत बसू लागली. देशाच्या कितीतरी भागांत ही गोष्ट घडायला आणखी ऐंशी वर्षे जावी लागली.

पण १८६९ साली त्या भागातून रेल्वे गेली, ती गावाला वळसा घालून उत्तरेकडून. ज्या गावाला स्टेशन ते वाढले, ज्याला नाही ते आटले. व्यापार गेला, कारागीर गेले, पोरे शहराकडे गेली. रुळांची वाट अशी वाकडी का गेली, याबद्दल अभ्यासकांनी बराच शोध घेतला आहे. काळ्या माणसाने वसवलेले गाव म्हणून ते टाळले गेले, असे त्यांच्यातल्या काहींचे मत आहे. १८८५ साली गावाचा बराचसा भाग कागदोपत्री रद्द होऊन पुन्हा शेतजमीन झाला. विसाव्या शतकात तर प्लॉटवरून नांगर फिरला आणि गावठाण गवताखाली गेले.

तरी गाव पुसले गेले नाही, कारण घराण्याने ते पुसू दिले नाही. कागद जपले, आठवणी सांगितल्या. फ्रँकच्या पणतीची मुलगी ज्युलिएट वॉकर या इतिहासाच्या प्राध्यापक झाल्या आणि १९८३ साली त्यांनी आपल्या पूर्वजावर मोठा ग्रंथ लिहिला. १९८८ साली फ्रँक मॅकवर्टर यांच्या कबरीची नोंद राष्ट्रीय वारसा यादीत झाली. २००४ पासून विद्यापीठांच्या तुकड्यांनी तिथे उत्खनन केले. घरांचे पाये, विहिरी, खापरे, खिळे, बटणे सापडली. खापरे आणि भांडी पाहून काळ्यांचे घर कोणते आणि गोऱ्यांचे कोणते हे फारसे वेगळे काढता येत नाही, असे अभ्यासकांना आढळले. २००९ साली त्या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात देण्याचा कायदा झाला. ज्या सरकारने १८३६ साली शंभर डॉलर घेऊन ती जमीन दिली होती, तेच सरकार आता ती जमीन जपायला पुढे आले आहे.

शेवटी दोन शब्द

ही हकीकत लिहिताना आम्हाला राहून राहून एकच गोष्ट जाणवली. फ्रँक आणि लुसी यांच्याकडे सुरुवातीला काहीच नव्हते. अक्षर नव्हते, आडनाव नव्हते, स्वतःचे शरीरसुद्धा स्वतःचे नव्हते. त्यांनी एकेक गोष्ट मिळवली आणि मिळवल्याबरोबर तिचा उपयोग मागे राहिलेल्यासाठी केला. सोरा आला, लुसी सुटली. शेत आले, सॉलोमन सुटला. गाव आले, लेकी सुटल्या. मृत्यू आला, त्यातूनही नातवंडे सुटली.

आज आपल्यापैकी पुष्कळ जण शिकले, नोकरीला लागले, कोणी गावाकडे दोन एकर घेतले, कोणी शहरात खोली घेतली. हे फार चांगले झाले. प्रत्येक घरात मागे राहिलेले कोणी तरी असतेच. गावाकडचा भाऊ असेल, शाळा सुटलेली भाची असेल, कर्जात अडकलेला चुलता असेल. त्यांची आठवण या पानांमुळे एखाद्या घरात जरी निघाली, तरी आमच्या लिहिण्याचे चीज झाले असे आम्ही समजू.

आणि घरातल्या लहान मुलांना एवढे जरूर विचारा, की फ्रँकने आधी कोणाला सोडवले, आणि का? उत्तर नीट आले, तर इतिहास समजला.